व्हायरल लोड ‘आढळला नाही’, मग तळपाय का जळतात?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ४६. २००८ पासून एचआयव्हीसाठी ए.आर.टी., म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या, चालू आहेत. २०१० मध्ये फुप्फुसाचा टीबी झाला, पूर्ण कोर्स घेतलात, बरा झाला. गेली काही वर्षं व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टवर ‘आढळला नाही’ असंच येतंय. पण दोन्ही तळपाय जळतात, बोटं बधिर झाली आहेत, रात्री चादर पायाला लागली तरी सोसत नाही. शिलाई मशीनच्या पायडलवर पाय नीट आहे की नाही, हे खाली वाकून बघावं लागतं. ए.आर.टी. सेंटरला सांगितलं की ‘रिपोर्ट एकदम छान आहे’ असं उत्तर मिळतं. गावातले डॉक्टर कधी डायक्लोचं इंजेक्शन देतात, कधी ताकदीचं लाल इंजेक्शन. आणि तुम्ही विचारताय की हे गोळ्यांमुळे होतंय का, गोळ्या बंद करून बघू का, आणि हे आता जन्मभर असंच का.

गोळ्या बंद करू नका. प्रयोग म्हणून चार दिवससुद्धा नाही. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून सध्या तुम्हाला टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी एकत्र गोळी चालू असणार, जिला सेंटरमध्ये ‘टीएलडी’ म्हणतात. पायाच्या नसा खराब करण्यासाठी या तिघांपैकी कोणीही ओळखलं जात नाही. गोळी थांबली तर विषाणू काही आठवड्यांत पुन्हा वर येतो आणि त्याने होणारी सूज नसांना आणखी त्रास देते. म्हणजे पाय तसेच जळतील आणि वर रिपोर्टही बिघडेल.

गोळ्यांवरचा तुमचा संशय मात्र पूर्ण चुकीचा नाही. माझ्या मते गुन्हेगार आजच्या डबीत नसून २००८ च्या डबीत आहे.

जुनं ए.आर.टी.चं पुस्तक जपून ठेवलं असेल तर काढून बघा. सुरुवातीच्या पानांवर ‘एसएलएन’ किंवा ‘डी-फोर-टी’ असं काही लिहिलंय का? असेल तर तुम्हाला स्टॅव्हुडीन मिळालं होतं. १ एप्रिल २००४ ला सरकारने मोफत ए.आर.टी. सुरू केली, आणि त्यानंतरची बरीच वर्षं हे औषध पहिल्या फळीत होतं. स्वस्त होतं, आणि दुसरा पर्याय असलेल्या झिडोवुडीनने रक्त कमी होतं, त्यामुळे हिमोग्लोबिन आधीच कमी असलेल्या बायकांना तर हमखास स्टॅव्हुडीनच मिळायचं. या औषधाने त्या काळात हजारो जीव वाचवले, म्हणून मी त्याला शिव्या घालणार नाही. पण त्याची किंमत उशिरा कळली. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करा असं सांगितलं, आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडेही ते गेलं. ज्यांनी ते दीर्घकाळ घेतलं त्यांची आणखी एक खूण असते: गाल बसतात, हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर येतात, कारण कातडीखालची चरबी जाते. आरशात ही खूण दिसत असेल तर पुस्तक हरवलं असलं तरी मला बरंच उत्तर मिळालं.

त्यावर २०१० चा टीबी. टीबीच्या गोळ्यांमधलं आयसोनियाझिड शरीरातलं बी-६ जीवनसत्त्व खर्ची घालतं आणि त्यानेही नसा बिघडतात. दोन्ही औषधं एकाच वेळी चालू असली की धोका एकमेकांत मिसळून वाढतो. तिसरी गोष्ट विषाणूची स्वतःची. त्या काळी सीडी-४, म्हणजे विषाणू मारतो त्या संरक्षक पेशींचा आकडा, बऱ्यापैकी खाली घसरल्यावरच गोळ्या सुरू करत. निदान झालं की लगेच उपचार, हे धोरण आपल्याकडे २०१७ मध्ये आलं. म्हणजे गोळ्या सुरू होईपर्यंत विषाणूला मोकळं रान मिळालेलं असायचं. तो नसेच्या पेशीत थेट शिरत नाही, पण त्याची प्रथिनं आणि त्याने चिडवलेल्या संरक्षक पेशी नसांभोवती सूज आणतात. तुमच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एका पाठोपाठ एक, दोन-तीन वर्षांच्या आत घडल्या.

आता पायच का? तळव्याची संवेदना नेणाऱ्या पेशी कमरेच्या मणक्याशेजारी बसलेल्या असतात आणि त्यांची एकेक तार तिथून अंगठ्याच्या टोकापर्यंत, जवळपास मीटरभर जाते. एवढ्या लांब तारेला जागोजागी ऊर्जा लागते आणि ती मायटोकॉन्ड्रिया पुरवतात. स्टॅव्हुडीन या मायटोकॉन्ड्रियांच्या डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम अडवतं. पुरवठा आटला की सगळ्यात आधी कोणाला झळ बसते, हे कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला विचारावं. म्हणून त्रास बोटांपासून सुरू होतो, दोन्ही पायांत सारखा असतो आणि मोजा घातल्यासारखा हळूहळू वर चढतो. स्टॅव्हुडीनचा हा त्रास उंच माणसांना जास्त होतो असं अभ्यासांत दिसलं होतं. तार जितकी लांब, तितकं शेपूट दूर.

बधिर आहे तर दुखतं कसं, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. मेलेल्या तारा काहीच सांगत नाहीत, म्हणून बधिरपणा. अर्धवट जिवंत तारा कारण नसताना निरोप पाठवत राहतात, आणि मेंदू ते निरोप जळणं, मुंग्या, सुया टोचणं असे वाचतो. रात्री बाकीची वर्दळ थांबते, पांघरुणात पाय तापतात आणि तेच निरोप मोठ्याने ऐकू येतात. रक्तातला विषाणू मोजणाऱ्या तपासणीला यातलं काहीच दिसत नाही. सेंटरमधली माणसं खोटं बोलत नाहीत, रिपोर्ट खरंच छान आहे. तो फक्त दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

इथे एक सावधगिरी. ‘जुन्या गोळीचा परिणाम’ एवढं म्हणून विषय संपवणारे डॉक्टरही मी पाहिले आहेत आणि ते ‘रिपोर्ट छान आहे’च्याच जातीचं उत्तर आहे. स्टॅव्हुडीनचा त्रास औषध बंद झाल्यावर काही आठवडे वाढू शकतो, मग बहुतेकांत थांबतो किंवा थोडा उतरतो. पुढे वर्षानुवर्षं तो वाढत जात नाही. तुमचा त्रास गेल्या वर्षभरात वाढला असेल, आधी घोट्यापर्यंत होता आणि आता पोटरीपर्यंत आला असेल, तर नवीन काहीतरी भर घालतंय आणि ते शोधलंच पाहिजे.

शोधायचं काय? पहिली साखर. चाळिशीनंतर, वजन वाढलेलं असेल तर नक्कीच, उपाशीपोटी आणि एचबीए-वन-सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) दोन्ही. दुसरं बी-१२. तुम्ही शाकाहारी आहात की नाही ते लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे दूधदुभतं कमी असलेल्या शाकाहारी घरात बी-१२ कमी सापडणं अगदी रोजचं आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी घसरतं. ही कमतरता भरून निघते आणि नसा काही अंशी सावरतात, म्हणून ती चुकवायची नाही. मग थायरॉइड आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी. दारूचा प्रश्न तुम्हाला लागू नसेल, पण हे वाचणाऱ्या पुरुषांपैकी बऱ्याच जणांना लागू आहे. दारू नसांना थेट मारते आणि जेवणही मारते.

आणि कुष्ठरोग. महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भाच्या पूर्व भागात, हात-पाय बधिर झाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या माणसात तो डोक्यात ठेवल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. त्याची चाल वेगळी असते: एकच पाय किंवा एकच हात जास्त, कातडीवर न कळणारा चट्टा, कोपराजवळ किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नस दोरीसारखी जाड लागणं. दोन मिनिटांत बोटांनी कळतं, पण त्यासाठी कोणीतरी हात लावावा लागतो.

हात लावण्याबद्दलच थोडं सविस्तर सांगते, कारण पाय तपासले म्हणजे काय केलं हे रुग्णाला माहीत असलेलं बरं. मी चपला काढायला सांगते आणि आधी चपलाच बघते. टाच एका बाजूने झिजलेली, अंगठ्याचा पट्टा सैल. काही जणांची चपल चालताना निघून पडलेली असते आणि त्यांना चार पावलांनी कळतं. मग तळव्याच्या भेगा, बोटांमधली कातडी, कुठे न कळलेला चटका. नंतर ट्यूनिंग फोर्क वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवते आणि डोळे मिटून ‘थरथर थांबली की सांगा’ म्हणते. बऱ्याच जणांना ती सुरूच झालेली कळत नाही, तोच फोर्क गुडघ्यावर ठेवला की लगेच कळते. मग नायलॉनचा एक जाडसर धागा, ज्याला १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणतात, तो तळव्यावर वाकेपर्यंत टेकवायचा. शेवटी घोट्यामागच्या शिरेवर हातोडी. हे सगळं दहा मिनिटांत होतं, फुकट होतं, आणि खासगीत करायला सांगतात त्या ‘नर्व्ह कंडक्शन’ तपासणीपेक्षा बऱ्याचदा जास्त सांगतं. ती तपासणी जाड तारांची असते. जळणं नेणाऱ्या बारीक तारा तिच्यात दिसत नाहीत, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तर ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असा अर्थ लावून घेऊ नका.

काही गोष्टी असतील तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. पाठीत एकाच जागी सततचं दुखणं, सोबत ताप, वजन उतरणं किंवा रात्री घाम: मणक्याचा टीबी एचआयव्हीत विसरून चालत नाही. पायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं. जांघेत किंवा एका खुब्यात दुखून लंगडत चालावं लागणं. एचआयव्ही असलेल्यांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून हाड मरण्याचं प्रमाण जास्त असतं आणि साधा एक्स-रे सुरुवातीला फसवतो. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यात आग होऊन पुरळ उठणं म्हणजे नागीण, तिची औषधं पहिल्या ७२ तासांत सुरू झाली तर फायदा चांगला.

आता इंजेक्शनं. डायक्लोफिनॅक सुजेवर चालतं, बिघडलेल्या नसेच्या जळण्यावर ते जवळजवळ निरुपयोगी आहे. तुम्हीच लिहिलंय की ‘एक दिवस बरं वाटतं’, आणि त्यातलं बरंचसं कोणीतरी लक्ष दिल्याचं समाधान असतं. त्याने नुसता उपयोग झाला नसता तर मी एवढं बोलले नसते. पण टेनोफोविर मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि काही जणांत मूत्रपिंडाला जड जातं. त्यावर वारंवार डायक्लो म्हणजे एकाच जागी दोन घाव. क्रिएटिनिन अचानक वर गेलेले, टेनोफोविर बदलावं लागलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि खोदून विचारलं की आठवड्याला दोन सुया निघतात. एखाद्या दिवशी पॅरासिटामॉल घ्या, पण सुई नको. लाल इंजेक्शन बी-१२ चं असतं. कमतरता असेल तर जरूर घ्या, नसेल तर पैसे वाया. आणि बी-६ भरपूर असलेल्या ‘नसांच्या गोळ्या’ वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने घेऊ नका, कारण बी-६ जास्त झालं तरी नसा बिघडतात. ज्यात काय आहे हे पुडीवर लिहिलेलं नाही अशी भस्मं तर नकोच. शिसं आणि आर्सेनिक दोन्ही नसांचे जुने शत्रू आहेत.

नसांच्या दुखण्याची म्हणून जी औषधं आहेत, त्यांच्याबद्दल खरं सांगायचं तर एचआयव्हीच्या न्यूरोपथीत, म्हणजे नसांच्या आजारात, ती मधुमेहाइतकी चांगली चालत नाहीत. १९९८ मध्ये अॅमिट्रिप्टिलिनच्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या आणि दोन्हींत ते साध्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. प्रीगॅबालिनचंही पुढे मोठ्या चाचण्यांत तेच झालं: औषध घेणाऱ्यांचं दुखणं कमी झालं, पण खोटी गोळी घेणाऱ्यांचंही तितकंच झालं. अमेरिकेतल्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये एचआयव्हीतल्या जुनाट दुखण्यावर मार्गदर्शिका काढली, तिच्यात तोंडाने घ्यायचं पहिलं औषध म्हणून गॅबापेन्टिन आहे, तेही फार भक्कम पुराव्यावर नाही.

मग मी काय करते? बहुतेकांना गॅबापेन्टिनपासूनच सुरू करते, रात्री १०० ते ३०० मिलिग्रॅम, आणि क्रिएटिनिन बघून हळूहळू वाढवते. पहिल्या आठवड्यात गरगरतं, झोप येते. शिलाईला बसणाऱ्या बाईने सुईखाली बोट घालू नये म्हणून सुरुवात रात्रीच्याच डोसाने. पुरेशा डोसावर महिना-दीड महिना देऊन काहीच फरक नसेल तर उतरवते आणि बंद करते. फायदा नसलेली गोळी वर्षानुवर्षं चालू राहणं ही आपल्याकडची मोठी खोड आहे. मन खचलेलं असेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल, तर ड्युलोक्सेटीन आधी निवडते. अॅमिट्रिप्टिलिन मी अजूनही वापरते, रात्री १० मिलिग्रॅम, मुख्यतः झोपेसाठी. तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, आणि हृदयाचा त्रास असेल तर आधी ईसीजी. झोप सुधारली की दुखणं सहन करण्याची ताकद वाढते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की चाचणीत औषध हरलं तरी मी त्याला घरी पाठवलेलं नाही. ट्रॅमाडॉल या कडक वेदनाशामकापासून शक्यतो लांब राहते: सवय लागते, आणि ड्युलोक्सेटीन किंवा अॅमिट्रिप्टिलिनबरोबर धोकाही वाढतो.

एका औषधाचं नाव मात्र लक्षात ठेवा: कार्बामॅझेपिन. ‘नस दुखते’ म्हटलं की आपल्याकडे अनेक जण ते लिहून देतात. ते डोल्युटेग्राव्हिरची रक्तातली पातळी खाली आणतं, म्हणजे पायासाठी घेतलेली गोळी तुमचा छान रिपोर्ट बिघडवू शकते. ए.आर.टी.च्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. तसंच कॅल्शियम, लोह आणि अॅसिडिटीची जेल किंवा चघळायच्या गोळ्या. यांच्याशी डोल्युटेग्राव्हिर पोटातच चिकटून बसतं. टीएलडी या गोष्टींच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. कॅल्शियम आणि लोह जेवणाबरोबर टीएलडीसोबत घेतलं तरी चालतं, अॅसिडिटीच्या औषधाला ती सवलत नाही. दुसऱ्या फळीवर, म्हणजे रिटोनाविर असलेल्या गोळ्यांवर, जे कोणी हे वाचत असतील त्यांनी खांद्यात-गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना तसं सांगावंच. रिटोनाविरमुळे स्टेरॉइड शरीरात साचतं. एका सुईने चेहरा सुजणं, साखर चढणं आणि नंतर अशक्तपणाने आडवं होणं, हे सगळं होऊ शकतं.

इतकं सांगून झाल्यावर तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते: हे जन्मभर असंच का? बधिरपणा बराचसा राहील. इतक्या वर्षांनी मीटरभर तार पुन्हा पूर्ण वाढेल असं मी म्हणणार नाही. जळणं मात्र कमी करता येतं. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायला सांगितले आणि तुम्ही आठ म्हणालात, तर आठाचं चार-पाच होणं हे माझ्या लेखी चांगलं यश आहे. पण त्या आकड्यापेक्षा मी दुसऱ्याच गोष्टी विचारते: रात्री किती वेळा जाग आली? किती वेळ सलग मशीनवर बसलात? भाजी आणायला स्वतः गेलात का? दुखणं सहावर राहिलं आणि झोप तीन तासांवरून सहावर गेली, तर घरातल्यांनाही माणूस परत आल्यासारखं वाटतं.

औषधाबाहेरच्या गोष्टी यासाठीच. पायाकडच्या बाजूला चादरीखाली पुठ्ठ्याचं मोठं खोकं किंवा छोटं स्टूल ठेवा, म्हणजे चादर पायाला टेकत नाही. हसू नका, बऱ्याच बायकांनी या एका गोष्टीसाठी मला धन्यवाद दिलेत. झोपण्याआधी साध्या गार पाण्यात पाय थोडा वेळ ठेवायला हरकत नाही, बर्फ मात्र नको, कारण बधिर पायाला बर्फाने जखम झालेली कळत नाही. गरम पाण्याची पिशवी तर कधीच नको. अंघोळीचं पाणी पायाने न बघता कोपराने बघा. घरातही अनवाणी फिरू नका. मऊ रबराची एमसीआर चपल घ्या, मागे पट्टा असलेली. सरकारी रुग्णालयात मधुमेहाच्या किंवा कुष्ठरोगाच्या विभागात चौकशी केली तर कुठे मिळेल ते कळतं. रोज रात्री तळवा आरशात बघा किंवा मुलीला बघायला सांगा. न्हाणीघराकडे जाताना दिवा लावून जा, कारण पायाला जमीन कळत नसली की अंधारात तोल डोळ्यांवरच असतो.

मशीनचं म्हणाल तर पायडल सोडून छोटी मोटर बसवून घ्या, आणि तिचा वेगाचा खटका पायाने चालवायचा असेल तर कारागिराकडून तो गुडघ्याने दाबता येईल असा करून घेता येतो का विचारा. गुडघ्याला संवेदना आहे, पायाला नाही, एवढंच त्यामागचं गणित. कामाची वाटणीही बदला. बरं वाटलं त्या दिवशी चार ब्लाउज उरकायचे आणि पुढचे दोन दिवस पडून राहायचं, हे चक्र जवळजवळ प्रत्येकीत दिसतं. अर्धा तास काम, दहा मिनिटं उठून फिरणं, चांगल्या दिवशीही तेवढंच. रोजचं चालणं थोडं-थोडं वाढवा. चालल्याने नसा झिजत नाहीत, ही भीती मनातून काढा.

भीतीबद्दल तुम्ही एक वाक्य लिहिलंय: ‘पाय जळायला लागले की वाटतं आजार आतून वाढतोय आणि मला कोणी सांगत नाही.’ मला वाटतं, तुमच्या दुखण्यातला मोठा भाग इथे आहे. एचआयव्ही असलेल्या माणसाला कुठेही दुखलं की आधी विषाणू आठवतो, आणि ज्याला घरात सांगितलेलं नाही त्याला ती भीती एकट्यानेच वाहावी लागते. त्या भीतीने झोप जाते आणि झोप गेली की दुखणं वाढतं. पायाचं जळणं हे विषाणू जागा झाल्याचं लक्षण नाही. बहुधा जुन्या इजेचा तो शेष आहे. सेंटरच्या काउन्सेलरशी तुम्ही गोळ्या चुकवल्या का एवढंच बोलत असाल, तर यावेळी झोप आणि मन याबद्दल बोला. दुखण्याभोवतीचे विचार आणि सवयी बदलणारे समुपदेशन ही मन रमवण्याची सोय समजू नका. वर सांगितलेल्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत ते औषधांच्या बरोबरीने सुचवलं आहे. भारतात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात, राज्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात, आणि जगभरच्या अभ्यासांत यातल्या निम्म्याच्या आसपास लोकांना, कुठे त्याहून जास्त, जुनाट दुखणं असल्याचं दिसतं. तुमच्याच सेंटरच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईचे पाय बहुधा जळत असतात. तिनेही ते सांगितलेलं नसतं.

सेंटरमध्ये ऐकून घेत नाहीत, यावर एक व्यवहारी तोड. तिथल्या डॉक्टरांसमोर रांग असते. खोकला, ताप, वजन, घाम हे चार प्रश्न ठरलेले असतात, गोळ्या मोजायच्या असतात, आणि दुखण्यासाठी तिथे वेगळा रकाना नाही. ‘पाय दुखतात’ म्हटलं की ते वाक्य हवेत जातं. त्याऐवजी कागदावर तीन ओळी लिहून न्या: कुठे आणि कधीपासून, रात्री किती वेळा जाग येते, आणि कोणतं काम बंद पडलं. तुमची तिसरी ओळ अशी असेल: ‘पायडल कळत नाही म्हणून शिलाई निम्मी झाली.’ मग मोघम न बोलता नेमकं मागा: साखर, बी-१२, थायरॉइड, क्रिएटिनिन, आणि मेडिसिन ओपीडीला चिठ्ठी. बहुतेक सेंटरं जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या आवारातच असतात, त्यामुळे त्याच दिवशी केसपेपर काढून दाखवता येतं. फिजिओथेरपीची चिठ्ठीही त्याच वेळी मागा, तोल सांभाळण्याच्या व्यायामांसाठी.

राहिला गावातल्या डॉक्टरांचा प्रश्न: त्यांना एचआयव्हीबद्दल सांगू का? तुम्ही अजून सांगितलेलं नाही आणि सांगायची भीती वाटते. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार, न्यायालयाचा आदेश आणि मोजके अपवाद सोडले तर, तुमच्या संमतीशिवाय तुमची स्थिती कोणी उघड करू शकत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. कायदा असा आहे. गाव कसं आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि निर्णय तुमचाच. पण सांगायचं नसेल तर निदान एवढं करा: ‘मला मूत्रपिंडाला जपायला सांगितलंय, डायक्लो नको, आणि कार्बामॅझेपिन चालत नाही’ असं स्पष्ट बोला. ते खरंच आहे आणि कोणी पुढे विचारायची गरज नाही. नवीन गोळी मिळाली तर ती सुरू करण्याआधी तिच्या नावाचा फोटो काढून सेंटरला दाखवा.

तपासण्यांचे आकडे आले की कळवा. क्रिएटिनिन सोबत असेल तर गॅबापेन्टिनचा डोस कुठवर नेता येईल, हे तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं त्यासह सांगू शकेन. आणि त्रास नेमका कोणत्या वर्षी सुरू झाला ते आठवून लिहा. २०१२ च्या आत, म्हणजे जुन्या गोळ्यांच्या काळात, की नंतर, यावर माझं निम्मं उत्तर बदलू शकतं.